प्रथमोपचाराचे ॲप : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयावरची होती, म्हणून सगळी जागा त्या विषयालाच दिली आहे. पत्रे लिहिणारे बहुतेक जण प्रोग्रामिंग नुकतेच शिकलेले आहेत. उपचारांविषयी येथे जे लिहिले आहे ते प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांना धरून असले, तरी तुमच्या ॲपमधील मजकूर प्रशिक्षित व्यक्तीकडून तपासून घ्यावाच लागेल.

प्रश्न : आम्ही फोंड्याच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. चौघांनी मिळून प्रकल्प म्हणून प्रथमोपचाराचे ॲप करायचे ठरवले आहे. चाळीस विषय, लॉगिन, जवळच्या इस्पितळांचा नकाशा, रक्तगटाची नोंद आणि चॅटबॉट अशी यादी तयार आहे. लॉगिनचे पान जवळजवळ पूर्ण झाले आहे. कोटलिन ही अँड्रॉइड ॲपची प्रोग्रामिंग भाषा येते, पण बेताचीच. पुढे कसे जावे? — चार विद्यार्थी, फोंडा

उत्तर : लॉगिनचे पान काढून टाका. समोर माणूस बेशुद्ध पडलेला असताना पासवर्ड विचारणारे ॲप कोणीही दुसऱ्यांदा उघडणार नाही. इस्पितळांचा नकाशाही सध्या बाजूला ठेवा, कारण रुग्णाला कुठे न्यायचे हे १०८ रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना तुमच्या नकाशापेक्षा चांगले कळते. बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) गाठायचे की म्हापशाचे किंवा मडगावचे जिल्हा इस्पितळ, हा निर्णय रुग्णाच्या स्थितीवर अवलंबून असतो, अंतरावर नव्हे. चाळीस विषयांऐवजी पाच घ्या : बेशुद्ध पडून श्वास थांबणे, रक्तस्राव, भाजणे, सर्पदंश आणि बुडणे. दुचाकींचे अपघात, काजूच्या हंगामातील भट्ट्या, कुळागरे (सुपारीच्या बागा) आणि समुद्र ध्यानात घेतले तर गोव्यात एवढ्याने बराच पल्ला गाठला जातो. या पाच विषयांचा मजकूर नीट लिहून, तपासून, ध्वनिमुद्रित करायलाच तुमचे सत्र संपेल, हे आताच सांगून ठेवतो.

पहिल्या पडद्यावर १०८ चे मोठे बटण आणि पाच विषयांची पाच बटणे असावीत. ११२ चे बटण त्याखाली लहान चालेल. फोन लावण्यासाठी अँड्रॉइडमध्ये दोन मार्ग आहेत. ‘ॲक्शन कॉल’ हा थेट फोन लावतो आणि त्यासाठी वापरणाऱ्याची परवानगी मागावी लागते. ‘ॲक्शन डायल’ हा क्रमांक भरून डायलर उघडतो, त्याला परवानगी लागत नाही, फक्त हिरवे बटण स्वतः दाबावे लागते. नवशिक्यांना पहिला मार्ग अधिक चतुर वाटतो, पण तुम्ही दुसराच घ्या. परवानगीची खिडकी नेमकी पहिल्या वापराच्या वेळी उघडते, आणि पहिला वापर हा बहुधा खऱ्या संकटातला असतो. शिवाय खिशात चुकून दाबल्या गेलेल्या बटणाने रुग्णवाहिका सेवेचा वेळ जाणार नाही. ॲप तपासताना मात्र बटणामागे १०८ ठेवूच नका. चाचणीच्या बांधणीत (बिल्डमध्ये) तुमच्या गटातील एखाद्याचा क्रमांक आणि प्रकाशनाच्या बांधणीत १०८, अशी सोय ॲपची बांधणी करणाऱ्या ग्रेडल या साधनाच्या फाइलमध्ये दोन ओळींत करता येते.

आता मुख्य गोष्ट. उपचारांच्या पायऱ्या कोडमध्ये लिहू नका. ‘शुद्धीवर असेल तर हे, नसेल तर ते’ असे एकात एक अडकलेले ‘इफ’ तुम्ही आज हौसेने लिहाल, पण महिन्याभराने डॉक्टरांनी एक पायरी वर-खाली करायला सांगितली की त्या जाळ्यात हात घालायची तुमची तुम्हालाच भीती वाटेल. त्याऐवजी प्रत्येक पायरी ही जेसन (JSON, साध्या मजकुरात माहिती मांडण्याची पद्धत) फाइलमधील एक नोंद करा. नोंदीत पायरीची ओळखखूण, पडद्यावरचे वाक्य, ध्वनिफितीचे नाव, वापरणाऱ्यापुढचे पर्याय आणि प्रत्येक पर्यायानंतर कोणत्या ओळखखुणेकडे जायचे, एवढेच असावे. मग कोडला वैद्यक कळण्याची गरज उरत नाही : नोंद दाखवायची, उत्तर घ्यायचे, पुढची नोंद दाखवायची. हे कोड छोटे असेल आणि बेताच्या कोटलिनवर सहज होईल.

या रचनेचा खरा फायदा तपासणीत दिसतो. फाइल वाचणारी एक छोटी चाचणी लिहा, जी प्रत्येक पर्याय अस्तित्वात असलेल्या पायरीकडेच जातो का, सुरुवातीपासून पोहोचताच येत नाही अशी पायरी राहून गेली आहे का, आणि श्वास नसल्याचे उत्तर दिल्यावर निघणाऱ्या प्रत्येक वाटेवर १०८ ची पायरी छातीदाबाच्या (छाती लयीत दाबण्याच्या) आधी येते का, हे पाहील. वाटा मोजक्या असल्यामुळे त्या सगळ्या संगणकाकडून चालून घेता येतात. रंगसंगतीवर खर्च होणाऱ्या वेळाचा चौथा हिस्सा जरी या चाचणीला दिला, तरी तुमचा प्रकल्प इतरांपेक्षा वेगळा दिसेल. परीक्षकांना ते कळेलच, याची हमी मात्र देत नाही.

आणखी एक जागा, जिथे बहुतेकांचे ॲप फसते. वापरणारा १०८ ला फोन लावतो, म्हणजे तुमचे ॲप पडद्यामागे जाते. स्वस्त फोनमध्ये स्मृती कमी असल्याने अँड्रॉइड ते बंदही करतो. दोन मिनिटांनी माणूस परत येतो तेव्हा तो छातीदाबाच्या पायरीवर असण्याऐवजी पहिल्या पडद्यावर असतो. चालू पायरीची ओळखखूण प्रत्येक बदलाच्या वेळी साठवून ठेवा, आणि फोनच्या विकसक पर्यायांमधील ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करून पुनःपुन्हा तपासा. १०८ च्या पायरीवर ‘फोन स्पीकरवर टाका आणि इथे परत या’ हे वाक्यही लिहा, कारण गोंधळलेल्या माणसाला ते आपोआप सुचत नाही. पायऱ्या चालू असेपर्यंत पडदा विझू न देण्याची सोयही विसरू नका.

प्रश्न : छातीदाबाचा वेग कळावा म्हणून मी टिकटिक आवाज दिला आहे. मिनिटाला ११० ठोके हवेत, म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर ५४५ मिलिसेकंद थांबायला सांगितले. थोड्या वेळाने वेग मंदावलेला जाणवतो. गणित बरोबर आहे ना? — एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : गणित बरोबर आहे, मिनिटाला १०० ते १२० ही मान्य मर्यादा असल्यामुळे ११० ची निवडही उत्तम. दोष थांबण्याच्या पद्धतीत आहे. ‘५४५ मिलिसेकंद थांब’ याचा अर्थ अँड्रॉइडच्या दृष्टीने ‘निदान तेवढे थांब’ असा असतो. त्यात आवाज वाजवण्याला लागणारा वेळ मिसळतो आणि प्रत्येक ठोक्याचा उशीर पुढच्याच्या डोक्यावर बसतो. पुढचा ठोका मागच्या ठोक्यापासून मोजण्याऐवजी सुरुवातीच्या क्षणापासून मोजा : दहावा ठोका ५४५० मिलिसेकंदांवर, शंभरावा ५४,५०० वर. याहून सोपा उपाय म्हणजे ठोके आधीच भरलेली एक मिनिटाची ध्वनिफीत ॲपमध्ये ठेवून ती अखंड फिरवणे. माझा कल याकडेच आहे. फोन चालू असताना मात्र तुमचा आवाज दबला जाऊ शकतो, म्हणून ठोक्याबरोबर पडद्यावर मोठे वर्तुळ लुकलुकवा आणि शक्य असेल तर फोन थरथरवा.

प्रश्न : मी काणकोण भागात परिचारिका आहे. भाचा प्रथमोपचाराचे ॲप करतो आहे आणि मजकूर तपासण्यासाठी त्याने माझ्याकडे दिला आहे. त्याने बराचसा मजकूर एका इंग्रजी संकेतस्थळावरून भाषांतरित केला आहे. वैद्यकीय बाजू मी पाहीन, पण ॲपच्या दृष्टीने नेमके काय पाहावे? — एक वाचक, काणकोण

उत्तर : प्रथम भाच्याला सांगा की दुसऱ्याच्या संकेतस्थळाचे भाषांतर परवानगीविना प्रसिद्ध करता येत नाही, मूळ लेखकाचा हक्क भाषांतरावरही असतो. वैद्यकीय तथ्यांवर मात्र कोणाची मालकी नसते, तेव्हा मार्गदर्शक तत्त्वे वाचून वाक्ये स्वतःची लिहावीत. हेच अधिक चांगले, कारण परदेशी संकेतस्थळाच्या डोक्यात आपले प्रसंग नसतात.

सर्पदंशाचे उदाहरण घ्या. अशा ॲपमध्ये ‘साप ओळखा’ म्हणून छायाचित्रांची मालिका हमखास असते, आणि ती पाहून माणसे झाडीत साप शोधायला जातात. भारतात वापरली जाणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर मिळून चालते आणि इस्पितळात उपचार मुख्यतः लक्षणे पाहून ठरतात. पश्चिम घाटात त्या लसीच्या कक्षेबाहेरचेही विषारी साप आहेत, पण तो विचार डॉक्टरांनी करायचा आहे. ॲपने सांगायचे ते थोडकेच : रुग्णाला चालवू नका, दंश झालेला भाग हलू देऊ नका, अंगठ्या आणि बांगड्या काढा, १०८ ला फोन करा. दोरी आवळणे, चिरणे, चोखणे यांना स्पष्ट नकार हवा. छायाचित्रांची मालिका काढून टाकायला भाचा नाखूश असेल. तरी काढायला लावा.

बुडण्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. सामान्य माणसाला शिकवताना हल्ली केवळ छातीदाबावर भर दिला जातो, आणि अचानक हृदय बंद पडलेल्या प्रौढाच्या बाबतीत ते योग्यही आहे. बुडालेल्या माणसाच्या शरीरात मात्र प्राणवायूच संपलेला असतो. म्हणून तेथे आधी तोंडाने श्वास देण्यास सांगितले जाते, युरोपीय तत्त्वांत पाच आणि अमेरिकी तत्त्वांत दोन. या दोहोंपैकी कोणता आकडा ठेवायचा ते तुम्ही ठरवा, पण ॲपमध्ये एकच असू द्या. याचा परिणाम रचनेवर होतो : ‘व्यक्ती पाण्यातून काढली आहे का?’ हा प्रश्न श्वासाच्या प्रश्नानंतर लगेच यायला हवा, नाहीतर समुद्रावर किंवा पाणी भरलेल्या खाणीच्या खंदकाशी उभ्या असलेल्या माणसाला चुकीची वाट दाखवली जाईल. पोट दाबून पाणी काढण्याचा जुना प्रकार करू नका, हेही तेथे लिहावे लागेल. समुद्रकिनाऱ्यावर असाल तर जीवरक्षकाला हाक मारा, हे तर पहिलेच वाक्य.

भाजण्याविषयी ‘थंड उपचार करा’ असली मोघम वाक्ये दिसली तर खोडा. वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरा, बर्फ नको, टूथपेस्ट, हळद किंवा खोबरेल नको, असे हवे. आणि २० मिनिटांचा उलटा चालणारा घड्याळकाटा पडद्यावर असावा, कारण कळवळणाऱ्या मुलाचा हात पाण्याखाली धरलेल्या आईला पाच मिनिटेही पुष्कळ वाटतात.

तपासण्याची पद्धत अशी ठेवा. मजकूर संगणकावर वाचत बसू नका. भाच्याला जमिनीवर झोपवा, घरातल्या कोणा अनभिज्ञ माणसाला मदतनीस करा आणि एकेक वाक्य मोठ्याने वाचा. मदतनीस जिथे थबकेल, ‘म्हणजे काय?’ विचारेल किंवा चुकीचे करेल, ते वाक्य बदला. ‘श्वास आहे का?’ या प्रश्नावर बहुतेक जण अडतात, कारण हृदय बंद पडल्यावर काही वेळ माणूस थांबून थांबून धाप लागल्यासारखा आवाज करू शकतो आणि बघणाऱ्याला तो श्वास वाटतो. तेथे ‘नेहमीसारखा श्वास घेतो आहे का?’ असे विचारून, धापा म्हणजे ‘नाही’ हे त्याच पडद्यावर लिहिणे भाग आहे. एका पडद्यावर एकच कृती, हा नियम कडक ठेवा.

तपासलेल्या प्रत्येक वाक्यापुढे तारीख घाला आणि भाच्याला ती जेसनमध्ये नोंदवायला सांगा. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची मोठी उजळणी साधारण दर पाच वर्षांनी होते, अलीकडची २०२५ सालची आहे. ‘शेवटची तपासणी’ ही ओळ ॲपमध्ये वापरणाऱ्यालाही दिसली पाहिजे. तपासणीनंतर भाच्याने परस्पर एखादे क्रियापद सुधारले, तर तुमच्या नावावर न पाहिलेला मजकूर खपेल. म्हणून बदललेले वाक्य पुन्हा तुमच्याकडे यावे, अशी अट घाला.

प्रश्न : मी वाळपईजवळच्या शाळेत शिक्षक आहे. शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याच्या ‘केअर्स’ योजनेमुळे मुलांना ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याची ओळख आहे. नववीच्या मुलांकडून असे ॲप होईल का? आमच्या अनेक गावांत मोबाइलचे नेटवर्क मिळेलच असे नसते. — एक शिक्षक, सत्तरी

उत्तर : होईल. एमआयटी ॲप इन्व्हेंटरमध्ये ठोकळ्यांनीच अँड्रॉइडचे ॲप बनते. चित्रे आणि ध्वनिफिती ‘मीडिया’ भागात चढवल्या की त्या ॲपच्या पोटातच राहतात, त्यामुळे इंटरनेटची गरज उरत नाही. फोन लावण्याच्या घटकात थेट फोन लावणारा आणि केवळ डायलर उघडणारा असे दोन ठोकळे आहेत. वर सांगितलेल्या कारणांसाठी दुसरा घ्या. मुलांचे ॲप एका विषयाचे असू द्या, उदाहरणार्थ भाजणे.

नेटवर्कच नसेल तर १०८ चे बटण निरुपयोगी ठरते, आणि हे ॲपने लपवू नये. ‘फोन लागत नाही’ असा पर्याय त्या पायरीवर ठेवा आणि त्यापुढची पायरी मुलांनी स्वतः गावात चौकशी करून लिहावी : वाड्यावर नेटवर्क कुठे मिळते, गाडी कोणाकडे असते, आरोग्य केंद्र किती दूर आहे. वाड्याचे नाव आणि घराजवळची ठळक खूण आधीच साठवून ठेवणारा एक रकाना करा. मंदिर, तिठा, पूल, दुकान, जे काही रुग्णवाहिकेच्या चालकाला सांगता येईल ते. घाबरलेला पाहुणा ते पडद्यावरून नुसते वाचून दाखवू शकतो. उपग्रहावरून मिळणारे स्थान इंटरनेटशिवायही मिळते, पण डोंगराच्या आडोशाला आणि दाट झाडीत त्याला वेळ लागतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नका.

प्रश्न : ॲप मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत हवे आहे. कोंकणी देवनागरीत की रोमीत (रोमन लिपीत)? आणि बोलून दाखवण्यासाठी फोनमधला यांत्रिक आवाज वापरावा का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : लिपीच्या वादात शिरण्याचे हे ठिकाण नव्हे, तुमच्या मडगावच्या सासष्टी तालुक्यात ॲप वापरले जावे असे वाटत असेल तर दोन्ही द्या. अँड्रॉइडमध्ये भाषेबरोबर लिपीही सांगून स्वतंत्र मजकूर ठेवता येतो. भाषा फोनच्या मांडणीवरून ठरवू नका, कारण आपल्याकडे अनेकांचे फोन इंग्रजीत असतात आणि बोलणे दुसऱ्याच भाषेत. भाषांची बटणे पहिल्याच पडद्यावर असू द्यावीत. येथे एक खाचखळगा आहे : प्ले स्टोअरवर ‘ॲप बंडल’ म्हणून चढवलेल्या ॲपमधून फोनच्या मांडणीतील भाषांचाच मजकूर उतरवला जातो. त्यामुळे तुमच्या संगणकावर नीट चालणारे कोंकणीचे बटण लोकांच्या फोनमध्ये मुके होते. ग्रेडलमध्ये भाषेनुसार विभागणी बंद केली की हे टळते. मजकूर जेसनच्या फाइलींमध्ये ‘ॲसेट्स’ फोल्डरात ठेवला असेल तर ही अडचण मुळातच येत नाही.

यांत्रिक आवाज नको. मराठी आवाज सगळ्या फोनांत आधीपासून उतरवलेला असतोच असे नाही, आणि कोंकणीसाठी तर त्याचा भरवसा धरूच नका. माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रण करा. सेकंदाला ३२ किलोबिट दराने दहा सेकंदांचे वाक्य सुमारे ४० किलोबाइट होते. म्हणजे साठ वाक्ये तीन भाषांत मिळून सात मेगाबाइटच्या आसपास. एवढे कोणत्याही फोनला पेलते. आवाज स्पष्ट, ठाम आणि किंचित संथ हवा. आकाशवाणीचा निवेदक नको, शेजारच्या जाणत्या बाईचा चालेल.

प्रश्न : मजकूर लिहिण्याऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेचे एखादे तयार मॉडेल जोडले तर कोणत्याही प्रश्नाचे उत्तर मिळेल. हे अधिक उपयोगी नाही का? — एक विद्यार्थी, वास्को

उत्तर : नाही. तुमच्या ॲपमधील प्रत्येक वाक्य प्रसंगापूर्वी जबाबदार माणसाने वाचलेले असले पाहिजे, आणि मॉडेलचे वाक्य प्रसंगाच्या क्षणी जन्मते. शिवाय त्याला बहुधा इंटरनेट लागते आणि प्रश्न टंकायला वेळ. चाचणीसाठी प्रश्न सुचवायला, मराठी वाक्ये सोपी करायला त्याची मदत घ्या, आणि आलेले सगळे तपासणाऱ्याकडे पाठवा.

प्रश्न : ॲप प्ले स्टोअरवर ठेवायचे आहे. परवाना लागतो का? आमच्या सल्ल्याने कोणाचे बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? — दोन मित्र, पणजी

उत्तर : प्ले स्टोअरच्या खात्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना प्रकाशनापूर्वी निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते, तेव्हा प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात जागे होऊ नका. आरोग्यविषयक ॲपसाठी वेगळे घोषणापत्र आणि गोपनीयतेचे धोरणही लागते. रक्तगट, आजार, नातेवाइकांचे क्रमांक ही माहिती घ्यायचीच असेल तर ती फोनमध्येच राहू द्या. ती तुमच्या सर्व्हरवर आली की डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या जबाबदाऱ्या तुमच्यावर येऊ शकतात, आणि १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांच्या पडताळलेल्या संमतीचाही त्यात समावेश आहे.

जबाबदारीविषयी दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ हे अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते. लोक पोलिसांच्या भीतीने मागे सरतात, म्हणून रक्तस्रावाच्या विषयात ही माहिती एका वाक्यात जरूर द्या. पण ते संरक्षण मदत करणाऱ्याला आहे, ॲप लिहिणाऱ्याला नव्हे. ‘हा सल्ला डॉक्टरांच्या उपचाराला पर्याय नाही’ ही सूचना हवीच, मात्र ती माहितीच्या पानावर असावी; ती मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी खिडकी टाकू नका. तसेच लक्षणांवरून रोग सांगण्याच्या फंदात पडू नका. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार निदानासाठी बनवलेले सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणात मोडते, आणि त्याच्या नोंदणी-परवान्याचा व्याप दोन मित्रांना झेपणारा नाही. ‘छातीत दुखते म्हणजे हृदयविकाराचा झटका’ असे ॲपने ठरवायचे नाही. ‘छातीत दुखते आहे, १०८ ला फोन करा, बसवून ठेवा, चालवू नका’ एवढेच सांगायचे. ॲपच्या वर्णनातही ‘निदान’ हा दावा कुठे शिरलेला नाही ना, हे चढवण्यापूर्वी एकदा पाहून घ्या.